चार माणसांत बसून पाहण्याजोगं

आता चार माणसांत बसून टीव्ही पाहायची सोय राहिली नाही, असं यवतमाळ जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी म्हणतंच. म्हणणाऱ्याच्या हातात रिमोट असतो आणि म्हणून झाल्यावरही टीव्ही सुरूच राहतो, तो भाग वेगळा. तक्रार खोटी नाही, पण ती एकच नाही. आजोबांना गाण्यातले कपडे खुपतात. आईला ऐन जेवणाच्या वेळी लागणाऱ्या मालिकेतली लफडी नको असतात. कॉलेजात जाणारी पोरगी म्हणते, विनोदी कार्यक्रमात पुरुषाला साडी नेसवून बाईच्या जाडेपणाची टिंगल करतात, ते जास्त ओंगळ आहे. बाप बातम्यांमधल्या भांडणांना वैतागलेला. हे सगळं आपण ‘काही ताळतंत्रच राहिलं नाही’ एवढ्यात गुंडाळतो आणि विषय तिथंच संपतो. कायद्यात मात्र या प्रत्येक तक्रारीला वेगळा रकाना आहे. त्यात एक रकाना असाही आहे, ज्यातली सगळ्यात मोठी तक्रार याच जिल्ह्याची असायला हवी होती, आणि ती फारशी कुणी केली नाही. त्याकडे येतोच.

आधी थोडा इतिहास. योगायोग असा, की मुंबईत टीव्ही आला तेव्हाही आणि आकाशातून खासगी वाहिन्या उतरल्या तेव्हाही राज्याचे मुख्यमंत्री यवतमाळ जिल्ह्यातलेच होते. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक त्या खुर्चीत होते. ऑक्टोबर 1992 मध्ये झी टीव्ही सुरू झाला तेव्हा त्यांचेच पुतणे सुधाकरराव नाईक. दोघांचाही त्यात हात नव्हता, पण या दोन तारखांमधली वीस वर्षं म्हणजे आज लोक ज्याची आठवण काढून हळहळतात तो दूरदर्शनचा काळ. ती हळहळ मला अर्धीच पटते. तेव्हा कार्यक्रम करणारं सरकार, तो तपासणारं सरकार आणि दुसरी वाहिनी लावायची सोय नाही, असा मामला होता. पाहण्याजोगं बरंच होतं हे खरं. पण जे नव्हतं त्याबद्दल तक्रार करायला जागाही नव्हती.

टीव्हीच्या आधी आपला मुलूख फार सोवळा होता असंही समजू नये. विदर्भातली खडी गंमत ज्यांनी पाहिली आहे त्यांना नाच्याचे हावभाव आणि दुहेरी अर्थाची बोलणी आठवत असतील. बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी गातात, त्यात थट्टेला चांगलीच मोकळीक असते. पण त्या चावटपणाची वेळ ठरलेली होती, जागा ठरलेली होती, आणि पाहायला कोण बसणार हेही गावाला माहीत होतं. लहान पोरं झोपल्यावर गंमत रंगायची. होळी सरली की तोंडं आवरायची. टीव्हीनं हे कुंपण काढून टाकलं. तोच विनोद संध्याकाळी सात वाजता, सासू-सुनेच्या आणि तिसरीतल्या पोराच्या समोर, घराच्या मधल्या खोलीत. टीव्हीच्या नियमांमधला निम्मा खटाटोप हे मोडलेलं कुंपण घड्याळाच्या काट्यांनी पुन्हा घालण्याचा आहे.

नियम आले ते केबलवाल्यासाठी. गच्चीवर मोठी छत्री, तिथून गल्लीभर लोंबणारी वायर आणि महिन्याच्या सुरुवातीला वही घेऊन दारात येणारा पोरगा, असा तो धंदा नव्वदीच्या सुरुवातीला विनापरवाना वाढला. सरकारनं 1994 मध्ये अध्यादेश काढला, नियम केले आणि 1995 मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा आणला. या नियमांतला सहावा नियम म्हणजे कार्यक्रम संहिता आणि सातवा म्हणजे जाहिरात संहिता. आज डिश असो की केबल, टीव्हीवरच्या सभ्यतेचा वाद शेवटी या दोन नियमांपाशीच येतो.

सहावा नियम एकदा वाचून पाहण्यासारखा आहे. सुरुची आणि सभ्यतेला बाधा आणणारं काही दाखवू नये, हे त्यातलं पहिलंच कलम. पुढं अश्लीलता येते, बदनामी येते, अर्धसत्य येतं, हिंसेला चिथावणी येते. अंधश्रद्धेला खतपाणी घालणारं नको, स्त्रियांना हिणवणारं नको, मुलांना हिणवणारं नको. मुलं सर्वाधिक संख्येनं टीव्हीसमोर असतात त्या वेळी त्यांना न शोभणारं दाखवू नये, हेही वेगळं सांगितलं आहे. एका कलमात तर स्त्रियांना संयमी, चारित्र्यसंपन्न आणि नेतृत्व करणाऱ्या रूपात दाखवण्याचा प्रयत्न करावा अशी इच्छाही आहे. आपल्या मालिकांनी यातला संयम तेवढा उचलला. नायिका दोन-दोन वर्षं छळ सोसते आणि डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. अक्षराला धरून सगळं सभ्यच.

याच यादीत आणखी एक कलम आहे. एखाद्या वांशिक, भाषिक किंवा प्रादेशिक गटाचं चित्रण तुच्छतेनं, उपरोधानं किंवा शिष्टपणानं करू नये. आपल्याकडे हे कुणाच्या गावीही नाही. मराठी मालिकेत ‘काऊन बे’ म्हणणारं माणूस दिसलं की ते बहुधा स्वयंपाकी असतं, गडी असतं, नाहीतर हशा पिकवायला आणलेला पाहुणा. वऱ्हाडी बोलीला टीव्हीवर डोकं क्वचितच दिलं जातं. अपवाद म्हणून झी मराठीवर 2016 ते 2021 चाललेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’चं नाव घ्यावं लागतं. त्यातली राधिका नागपूरकडची, तिची बोली नवऱ्याला कमीपणाची वाटणारी, आणि तीच बाई पुढं मसाल्याचा मोठा धंदा उभा करते. गंमत अशी की नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणावर वर्षानुवर्षं चाललेली हीच मालिका ‘घरात पाहण्यासारखी नाही’ या तक्रारीतही वर होती. एकाच मालिकेचा एका रकान्यात दोष निघतो आणि दुसऱ्या रकान्यात गुण. म्हणूनच ‘टीव्ही बिघडला’ एवढ्यानं काही कळत नाही.

जाहिरातींच्या सातव्या नियमाबद्दल जाता जाता. तंबाखू आणि दारूची थेट किंवा आडमार्गानं जाहिरात करू नये असं तो म्हणतो. महाराष्ट्रात गुटखा 2012 पासून बंद आहे. तरी क्रिकेटच्या दोन षटकांमध्ये मोठमोठे नट गुटख्याच्याच ब्रँडच्या नावाची वेलची चघळताना दिसतात. ज्या जिल्ह्यात पानठेल्यावर तंबाखूचा खर्रा घोटायचा आवाज सकाळीच सुरू होतो, तिथं मला ही जाहिरात तोकड्या कपड्यांपेक्षा जास्त असभ्य वाटते.

आता प्रश्न मापाचा. सभ्य काय नि असभ्य काय, हे ठरवायचं कुणाच्या नजरेनं? ब्रिटिशांच्या काळापासून जी कसोटी होती ती 1868 च्या एका इंग्लिश खटल्यातली होती. ज्याचं मन सहज बिघडू शकतं अशा माणसाच्या हाती हा मजकूर पडला तर काय होईल, ते पाहायचं. सुप्रीम कोर्टानं 1964 मध्ये रणजित उदेशी या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात तीच कसोटी बहुतांशी उचलून धरली आणि त्याची शिक्षा कायम ठेवली. पुढच्या पाच वर्षांत न्यायालयाचा हात थोडा सैल झाला. चंद्रकांत काकोडकरांची एक कथा ‘रंभा’च्या 1962 च्या दिवाळी अंकात आली होती, तिच्यावरचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1969 मध्ये काकोडकर सुटले. 2014 मध्ये अवीक सरकार खटल्यात ती जुनी इंग्लिश कसोटी बाजूला ठेवली गेली. आजच्या समाजातल्या सर्वसाधारण माणसाला काय वाटतं, हे माप आलं.

पण टीव्हीच्या बाबतीत हे शहाणपण त्याच्या कितीतरी आधी आलं होतं, आणि ते नागपुरातून आलं होतं. जानेवारी 1988 मध्ये दूरदर्शनवर ‘तमस’ सुरू झाली. फाळणीच्या दंगलींवरची ही मालिका बंद करावी म्हणून मुंबई हायकोर्टात अर्ज झाला. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि दाखवायला परवानगी दिली. सुप्रीम कोर्टानंही तेच कायम केलं. असं करताना न्यायालयानं न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा जुना निकाल आधाराला घेतला. बोस तेव्हा नागपूर हायकोर्टात होते, आणि वऱ्हाडातला असल्यानं यवतमाळ जिल्हाही त्याच हायकोर्टाच्या अखत्यारीत होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापानं. कमकुवत आणि डळमळत्या मनाच्या, प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या माणसाच्या मापानं नाही. म्हणजे प्रेक्षकाला आधी शहाणा धरायचं. टीव्हीवरच्या प्रत्येक वादात मला हे माप हाताशी ठेवावंसं वाटतं, कारण ते दोन्ही बाजूंना अडचणीत आणतं. दर आठवड्याला बंदी मागणाऱ्याला ते सांगतं, लोकांना एवढं नाजूक समजू नका. आणि ‘लोकांना हेच लागतं’ म्हणणाऱ्या निर्मात्याला सांगतं, लोकांना एवढं हलकं समजू नका.

बंदीचा मार्ग आपण वापरून पाहिलेला आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या प्राध्यापक प्रतिभा नैथानी यांनी टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या प्रौढांच्या सिनेमांविरुद्ध हायकोर्टात जनहित याचिका केली. 2005 च्या डिसेंबरात कोर्टानं त्यांच्या बाजूनं आदेश दिले. ऑगस्ट 2006 मध्ये पोलिसांनी केबल पुरवणाऱ्या कंपन्यांवर कारवाई केली, तेव्हा मुंबईत काही दिवस सिनेमाच्या वाहिन्याच्या वाहिन्या काळ्या पडल्या. ‘ए’ प्रमाणपत्राचा सिनेमा जसाच्या तसा टीव्हीवर दाखवता येत नाही, कापून पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं, हा नियम तेव्हापासून पक्का झाला. याचिकेचं ते फळ चांगलंच म्हणायला हवं. पुढच्या वर्षी एएक्सएन वाहिनीवर दोन महिन्यांची बंदी घातली गेली, मग एफटीव्हीवर. 2010 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं ‘बिग बॉस’ आणि ‘राखी का इन्साफ’ रात्री अकरानंतर दाखवा असा आदेश काढला. बिग बॉसच्या वाहिनीनं मुंबई हायकोर्टातून स्थगिती आणली आणि कार्यक्रम नऊलाच राहिला. आठवडाभर या वादाच्या बातम्या चालल्या. त्या बातम्यांत वादग्रस्त दृश्यं किती वेळा दाखवली गेली, ते त्या वेळी टीव्ही पाहणाऱ्यांना आठवत असेल.

या धडपडीतून 2011 मध्ये वाहिन्यांनी आपणहून एक तक्रार परिषद नेमली, इंग्रजी आद्याक्षरांनी तिला बीसीसीसी म्हणतात. पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती ए. पी. शाह. कार्यक्रमांचे दोन गट झाले. एक सगळ्यांसाठी, आणि दुसरा रात्री अकरा ते पहाटे पाचपर्यंतचा. बातम्यांच्या वाहिन्यांची अशीच संस्था 2008 पासून होती आणि न्यायमूर्ती जे. एस. वर्मा तिचे पहिले अध्यक्ष होते. तिचं आजचं नाव एनबीडीएसए. तिथं दंडाची कमाल रक्कम एक लाख रुपये होती. एवढ्या दंडानं कुणाचं काय अडणार, असा सवाल ऑगस्ट 2023 मध्ये खुद्द सुप्रीम कोर्टानं केला.

आता तो राहिलेला रकाना.

2006 साली यवतमाळ हे नाव देशभरच्या बातम्यांत आलं ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. त्या वर्षी जूनच्या अखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याच काळात पत्रकार पी. साईनाथ यांनी एक हिशेब मांडला होता. मुंबईतल्या एका फॅशन सप्ताहाला 512 पत्रकारांची नोंदणी होती, आणि विदर्भातल्या आत्महत्यांच्या बातम्या देण्यासाठी बाहेरून आलेले राष्ट्रीय पातळीवरचे पत्रकार होते सहा. त्या सप्ताहात कापसाचे कपडे मिरवले जात होते. आधी ही अनास्था होती. मग वाहिन्यांच्या गाड्या आल्या, आणि त्यानंतर जे झालं ते अनास्थेपेक्षा बरं होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

ते दृश्य आपण इतक्या वेळा पाहिलं आहे की आता दिसेनासं झालं आहे. टिनाचं घर. भिंतीला टेकवलेला, हार घातलेला फोटो. खाली जमिनीवर बसलेली बाई, डोक्यावर पदर, नजर फरशीकडे. तिच्या हनुवटीखाली वाहिनीच्या नावाचा रंगीत ठोकळा लावलेला माईक. मागं दाराच्या चौकटीत गर्दी, आणि गर्दीत एक पोर, ज्याला आपण टीव्हीवर दिसतोय एवढंच कळलेलं. प्रश्न ठरलेला, आता तुम्हाला काय वाटतं? ती बोलली नाही तर फोटो हातात घेऊन बसायला सांगतात. रडली तर तो तुकडा दिवसभर चालतो, खाली लाल पट्टी आणि मागं सनईसारखं रडवं संगीत. आत्महत्या मदतीस पात्र की अपात्र हे ठरवणारी समिती जिल्ह्यात असते, तिचे कागद निघायच्या आधीच स्टुडिओ कारण सांगून मोकळा होतो. कर्ज, नाहीतर दारू, नाहीतर घरातली भांडणं. अंगावर पूर्ण कपडे, तोंडात एक शिवी नाही, आणि तरी मी टीव्हीवर पाहिलेलं याच्याइतकं असभ्य फार थोडं आहे.

मारेगाव तालुक्यातल्या जळका गावच्या शेतकरी विधवा कलावती बांदूरकर यांचं नाव दोनदा संसदेत घेतलं गेलं, 2008 मध्ये राहुल गांधींच्या भाषणात आणि 2023 मध्ये अमित शहांच्या. दोन्ही वेळा कॅमेरे त्यांच्या दारात गेले. मधली पंधरा वर्षं त्या कापसाचं काय करत होत्या, याच्यासाठी गाडी क्वचितच निघाली.

तेच दुःख सभ्यपणे मांडता येतं का? येतं, आणि त्याचा दाखलाही याच जिल्ह्यात आहे. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांना उद्घाटक म्हणून बोलावून ते आमंत्रण परत घेण्याचा प्रकार घडला, त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मग उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्या शेतकऱ्याच्या विधवा. श्याम पेठकरांच्या ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी काम केलं होतं, त्या नाटकात आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या बायाच रंगमंचावर होत्या. संमेलनाच्या मंचावर त्या स्वतःचं भाषण घेऊन आल्या आणि आपल्या बोलीत बोलल्या. त्या दिवशी कॅमेरे समोर होते, पण काय सांगायचं आणि किती सांगायचं हे त्यांच्या हातात होतं. रडणाऱ्या बाईसमोर माईक धरणं आणि बोलणाऱ्या बाईसमोर माईक धरणं यांतला फरक कुठल्याही संहितेपेक्षा त्या दिवशी नीट दिसला.

हा फरक फक्त मनाच्या मोठेपणाचा नाही, त्याला शास्त्राचाही आधार आहे. आत्महत्येची बातमी ठळक, वारंवार, पद्धतीच्या तपशिलासह दिली की तशाच आणखी घटना घडण्याचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. व्हिएन्नात मेट्रोखाली जीव देण्याचे प्रकार वाढले तेव्हा 1987 मध्ये तिथल्या वृत्तपत्रांसाठी लिखाणाची पथ्यं तयार झाली. वृत्तपत्रांनी ती पाळली आणि काही महिन्यांतच अशा घटना झपाट्यानं कमी झाल्या. भारतात प्रेस कौन्सिलनं सप्टेंबर 2019 मध्ये अशीच पथ्यं स्वीकारली. पद्धत सांगू नका, जागा सांगू नका, फोटो-चित्रफीत वापरू नका. एकच कारण ठोकून देऊ नका, मदतीचा क्रमांक द्या, हेही अशा पथ्यांत सहसा येतं. पण प्रेस कौन्सिल छापील वृत्तपत्रांपुरतं. टीव्हीला ती पथ्यं लागू नव्हती. ती दरी मुंबई हायकोर्टानं भरली. एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जो धुमाकूळ घातला त्यावर नीलेश नवलखा आणि इतरांनी याचिका केल्या होत्या. 18 जानेवारी 2021 ला मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांनी निकाल दिला, की टीव्हीसाठी वेगळे नियम होईपर्यंत ही पथ्यं टीव्हीनंही पाळावीत. सहाव्या नियमाचाच आधार.

निकालाला महिना व्हायचा होता. फेब्रुवारीत पुण्यात एका तरुणीचा मृत्यू झाला आणि त्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मंत्र्याचं नाव घेतलं गेलं. त्यांनी आरोप फेटाळले, महिनाअखेरीस राजीनामाही दिला, ते राजकारण त्याच्या जागी. पण त्या तीन आठवड्यांत त्या मुलीचे फोटो आणि ध्वनिफिती वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा आल्या. कोर्टानं नुकतंच काय सांगितलं होतं, याची आठवण स्टुडिओत कुणी काढल्याचं दिसलं नाही. जिल्हाभर घराघरांत तेच चालू होतं, आणि चार माणसांत बसूनच पाहिलं जात होतं.

लेखातही पथ्य पाळायला हवं. मन फार खचलं असेल, नाहीतर जवळच्या कुणाचं खचलेलं दिसत असेल, तर टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं.

वाहिन्या हे सगळं का करतात? उत्तर गुरुवारी येतं. बार्क या संस्थेनं निवडक घरांत टीव्हीला मीटर लावलेले असतात. कोणती वाहिनी लागली ते मीटर आवाजावरून ओळखतो, आणि कोण पाहत बसलंय हे घरातल्यांनी आपापलं बटण दाबून कळवायचं. त्याचे आठवड्याचे आकडे आले की जाहिरातीचे दर त्यावर ठरतात. किती घरांत टीव्ही चालू होता हे मीटर सांगतो. पाहणाऱ्याला किळस आली की आवडलं, हे सांगणारं बटण त्यावर नाही. शिव्या घालत पाहिलेला तासही मोजला जातो आणि वाहिनीच्या खात्यावर चढतो. 2015 पर्यंत तर या मोजणीत खेडी नव्हतीच. म्हणजे जळक्याच्या बाईचं रडणं देशानं पाहिलं, पण जळक्याला काय पाहायचं आहे हे कुणी विचारलं नव्हतं. आता खेडी मोजणीत आली आहेत. त्यामुळे नको ते लागलं की वाहिनी बदलणं ही अगदीच फुसकी गोष्ट नाही.

दुसरा उपाय तक्रारीचा, आणि तो लोकांना वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. जून 2021 च्या दुरुस्तीनंतर त्याला मुदती बांधल्या गेल्या आहेत. तक्रार आधी वाहिनीकडे करायची. वाहिनीनं चोवीस तासांत पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत निकाल लावायचा. उत्तर पटलं नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य असेल तिच्याकडे अपील. मनोरंजनाच्या अनेक वाहिन्या बीसीसीसीखाली येतात, बातम्यांच्या बऱ्याच वाहिन्या एनबीडीएसएखाली. त्यांना साठ दिवस. त्यानंतर केंद्र सरकार. जाहिरातीसाठी मुंबईतली एएससीआय ही संस्था आहे.

आणि कलेक्टर ऑफिस आहे. 1995 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकारी आणि उपविभागीय अधिकारी हे अधिकृत अधिकारी आहेत, संहिता मोडणारा कार्यक्रम त्यांना थांबवता येतो. 2008 च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात देखरेख समिती असायला हवी. जिल्हाधिकारी अध्यक्ष, सोबत पोलीस अधीक्षक, एखाद्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य, मुलांसाठी आणि महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी, मानसशास्त्र-समाजशास्त्रातले जाणकार, आणि जनसंपर्क अधिकारी सचिव. दिल्ली-मुंबईच्या वाहिनीबद्दलची तक्रार ही समिती फक्त वर पाठवू शकते. पण गावातल्या केबलवाल्याची स्वतःची वाहिनी, तिच्यावरचे चोरीचे सिनेमे आणि मर्दानी ताकदीच्या औषधांच्या जाहिराती तिच्या थेट आवाक्यात आहेत. एकट्यादुकट्यानं काही होत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला पुरे. चमत्कारी हनुमान चालिसा यंत्राच्या टीव्हीवरच्या जाहिरातींविरुद्ध औरंगाबादच्या एका शिक्षकानं याचिका केली होती. जानेवारी 2021 मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं अशा जाहिराती बेकायदा ठरवल्या.

मोबाइलचं काय, हा प्रश्न येणारच. मोबाइलवरच्या मालिका आणि अ‍ॅप केबल कायद्याखाली येत नाहीत. त्यांच्यासाठी फेब्रुवारी 2021 चे वेगळे नियम आहेत, वयाप्रमाणे गट पाडून देणारे. मार्च 2024 मध्ये इंटरनेटवरच्या 18 मनोरंजन सेवा अश्लीलतेच्या कारणावरून बंद केल्या गेल्या, 2025 मध्ये आणखी 25. तो विषय मोठा आहे आणि मोबाइल एकट्यानं पाहायची वस्तू आहे, म्हणून इथं तो थांबवतो.

तक्रार लिहिताना ‘संस्कृती बुडाली’ लिहू नका. त्या कागदाला उत्तर येत नाही. वाहिनीचं नाव, कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, नेमकं काय दाखवलं आणि सहाव्या नियमातल्या कुठल्या कलमात ते बसत नाही, एवढं पाच-सात ओळींत लिहा. आणि पुढच्या वेळी एखाद्या घरच्या दुःखासमोर माईक धरलेला दिसला, तर वाहिनी बदलण्याआधी घड्याळ पाहून वेळ टिपून ठेवा.